निम्म्या पेठेत वटणारी हुंडी

सुरत शहराच्या व्यापाराचा इतिहास ज्यांनी थोडाबहुत चाळला आहे त्यांस वीरजी व्होरा हे नाव नवे नाही. सतराव्या शतकात याच बंदरात इंग्रज कंपनीस कर्जाऊ रकमा देणारा आणि मिऱ्यांचा घाऊक व्यापार मुठीत ठेवणारा हा जैन श्रेष्ठी. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली तेव्हा त्याच्या वाड्यासही मोठी झळ लागली; परंतु वाड्यातील नाण्यांहून मोठी अशी त्याची दौलत निराळीच होती. ती म्हणजे त्याच्या नावाची हुंडी. कंपनीच्या वखारवाल्यांस सुरतेहून आग्र्यास पैसा पाठवावयाचा झाला म्हणजे ते वीरजीची हुंडी विकत घेत. वाटेत ना दरोडेखोराची भीती, ना गाडीभाड्याचा खर्च. कागद सुरतेस लिहिला जाई आणि रुपये आग्र्यास मोजले जात.

ही हुंडी आग्र्यास का वटे? कागदावर सही ठसठशीत होती म्हणून नव्हे. आग्र्याच्या पेढीचे सुरतेच्या पेढीशी खाते होते म्हणून. आणि जेथे असे खाते नव्हते, किंवा मध्ये पत्करणारा आढत्या नव्हता, तेथे तीच हुंडी, त्याच सहीची, निव्वळ कागद ठरे. हुंडी खोटी नसे, रक्कमही बुडीत नसे; त्या गावापुरती तिला वाट नसे, इतकेच.

आज आपल्या रिंग रोडवरील कापडाच्या गाळ्यांतून, महिधरपुऱ्यातील हिऱ्यांच्या गाद्यांवरून आणि २०२३ च्या डिसेंबरात खजोद येथे उघडलेल्या हिरे बाजाराच्या प्रचंड इमारतीतून जो व्यवहार चालतो, त्यातील मोठा भाग इंटरनेटच्या तारेवरून जातो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, २०१८ मध्ये ई-वे बिल आले, २०२० पासून मोठ्या पेढ्यांस ई-इन्व्हॉइस लागू झाले. तार बंद पडली की माल गोदामाच्या दारातच उभा. यास्तव तार तुटली तर काय करावे याचा विचार बहुतेकांनी केलेला आहे. परंतु तार शाबूत असून, दिवा हिरवा असून, मुंबईस सर्व काही दिसत असून दुबईस मात्र आपली पेढी दिसत नाही, असा एक विचित्र विकार या यंत्रणेस जडतो. त्याविषयी चार शब्द लिहिणे प्रस्तुत लेखकास अगत्याचे वाटते.

आपल्याच एका सभासद बंधूंच्या दुकानी हे घडले. त्यांनी साड्यांच्या नमुन्यांची छायाचित्रे, शिल्लक माल आणि भाव असे सर्व एका संगणकावर ठेवून तो स्वतःच्या कचेरीतच चालविला होता. मालेगाव व इचलकरंजीचे गिऱ्हाईक ते पाहून मागणी नोंदवी. जळगावच्या व्यापाऱ्यासही ते दिसे. दुबईच्या गिऱ्हाइकास मात्र एके दिवशी काहीच दिसेना. इंटरनेट पुरविणाऱ्या सेवादाराकडे विचारणा केली तेव्हा उत्तर आले, “आमच्याकडून सर्व चालू आहे, दोष दुबईच्या बाजूस असावा.” दुबईचे गिऱ्हाईक म्हणे, “मला जगातील बाकी सर्व दिसते, तुमचेच दिसत नाही.” दोघेही खरे बोलत होते, हीच यातील गंमत. शोध घेता असे निघाले की सेवादाराने त्या भागातील गाळ्यांस नवा पत्ता-समूह दिला होता, आणि त्या समूहाची वार्ता मुंबईच्या देवाणघेवाण केंद्रावर जोडलेल्या जाळ्यांनाच पोहोचली होती. बाहेरच्या जगाच्या दृष्टीने तो पत्ता अस्तित्वातच नव्हता.

हे कसे होते ते समजण्यास यंत्रशास्त्राचे पांडित्य लागत नाही. आढत आणि खाते यांतील भेद ज्यास कळतो त्यास हे कळेल.

इंटरनेट हे एकच एक जाळे नव्हे. ते पाऊण लाखाच्या आसपास स्वतंत्र जाळ्यांचे मिळून झालेले आहे आणि त्यांच्यावर कोणी मुनीम बसविलेला नाही. प्रत्येक जाळ्यापाशी पत्त्यांचे काही गट असतात. जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. एका गटात बहुधा २५६ वा त्याच्या पटीत पत्ते असतात, आणि २५६ हून लहान गट जगात सहसा कोणी स्वीकारीत नाही. प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्यास सांगते, “हे गट माझ्याकडे आहेत, यांचा माल माझ्याकडे धाडा.” शेजारी ते पुढे सांगतो, किंवा सांगत नाही. या सांगण्याच्या रीतीस बीजीपी म्हणतात व ती १९८९ पासून चालत आली आहे. तीत सक्ती कोठेच नाही. कोणाची वार्ता कोणास सांगावी हे ज्याने त्याने आपापल्या हिशेबाने ठरवावयाचे.

आणि हिशेब म्हटला की नाती दोनच. पहिले आढतीचे. मी एका मोठ्या जाळ्यास दरमहा पैसे देतो. तो माझी वार्ता साऱ्या जगास सांगतो आणि साऱ्या जगाचा माल मला आणून देतो. यास ट्रान्झिट म्हणतात. दुसरे नाते बरोबरीचे. दोन जाळी एकमेकांस म्हणतात, “तुझ्या गिऱ्हाइकांचा माल मला थेट दे, माझ्या गिऱ्हाइकांचा मी तुला थेट देतो, मध्ये आढत्या नको, आढत नको.” हे पीअरिंग. ज्या जागी अशी अनेक जाळी एका छताखाली येऊन परस्पर देवघेव करतात ते देवाणघेवाण केंद्र.

आता मर्म येथे आहे. बरोबरीच्या नात्यातून कळलेली वार्ता कोणीही दुसऱ्या बरोबरीच्यास किंवा आपल्या आढत्यास सांगत नाही. केवळ आपल्या गिऱ्हाइकांस सांगतो. का सांगावी? बुऱ्हाणपूरच्या पेढीचे सुरतेच्या पेढीशी खाते आहे म्हणून तिने पाटण्याच्या पेढीस “सुरतवाल्याची हुंडी माझ्या जिवावर वटव” असे का लिहावे? त्यात तिला दलाली नाही, जोखीम मात्र आहे. वर पाटण्याकडे जाणाऱ्या मालाचे भाडेही तिच्याच माथी. जाळ्यांच्या धंद्यातील ही रीत कोणा सरकारने घालून दिलेली नाही, हिशेबातूनच उगवली आहे. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड या दोन विदुषींनी २००१ साली ती शास्त्रशुद्ध रीतीने मांडून असेही दाखविले की सर्वांनी ही रीत पाळली तर वार्तांचा गोंधळ न होता जाळे स्थिर राहते.

यावरून उलगडा आपोआप होतो. ज्या पत्ता-समूहाची वार्ता केवळ देवाणघेवाण केंद्रावर सांगितली, आढत्यास सांगितली नाही, किंवा सांगितली पण त्याने मान्य केली नाही, तो समूह त्या केंद्रावरील सोबत्यांस आणि त्यांच्या गिऱ्हाइकांसच दिसणार. उरलेल्या जगात त्याची नोंद कोणाच्याच वहीत नाही. तेथून निघालेली पाकिटे पहिल्या मोठ्या चौकात येतात आणि “असा पत्ता येथे कोणास ठाऊक नाही” म्हणून टाकून दिली जातात. मुंबईचा मनुष्य म्हणतो चालते. दुबईचा म्हणतो चालत नाही.

असे मुद्दामही केले जाते, आणि त्यात गैर काही नाही. मोठमोठ्या चित्रफीत-कंपन्या आपला माल साठविण्याची यंत्रे सेवादारांच्या घरातच ठेवतात. त्या यंत्रांचे पत्ते त्या सेवादारापुरतेच ठाऊक असणे सोयीचे असते. देवाणघेवाण केंद्राच्या स्वतःच्या दालनात जे पत्ते वापरतात तेही जगास सांगू नयेत असाच संकेत आहे. वार्तेवर “यापुढे नेऊ नये” अशी खूण करण्याची सोय १९९६ पासून उपलब्ध आहे. आपल्याकडील श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे, देशावकाशिक आहे. गृहस्थ आपण होऊन ठरवितो की अमुक दिशेस अमुक मर्यादेपलीकडे मी जाणार नाही. मर्यादा स्वतः, जाणून, घातलेली असेल तर ती शोभते. आणि ती मोडण्याच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी, म्हणजे ठरविलेले क्षेत्र वाढविणे, हाही एक सांगितला आहे. जाळ्यांच्या जगातही हा अतिचार घडतो. २०२१ च्या एप्रिलच्या १६ तारखेस व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून तीस हजारांहून अधिक पत्ता-समूहांची वार्ता, ती त्यांची नसताना, बाहेर गेली व जगभरचा माल काही काळ भलत्याच दाराशी येऊ लागला. त्याआधी २०१५ च्या नोव्हेंबरात भारती एअरटेलच्या जाळ्यातूनही असाच प्रकार झाला होता. तेव्हा वार्ता राखून सांगण्याची रीत ही कंजूषपणाची नव्हे, शिस्तीची आहे, हे ध्यानात असावे.

आपल्या देशात या गोष्टीस एक जुनी कथा आहे. विदेश संचार निगमने १९९५ च्या १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८ मध्ये खासगी सेवादारांस परवानगी मिळाली आणि पुष्कळ दुकाने निघाली. पण त्यांची एकमेकांशी खाती नव्हती. प्रत्येकाचा आढत्या अमेरिकेत. परिणामी एका सेवादाराच्या मुंबईतील गिऱ्हाइकाने दुसऱ्याच्या मुंबईतील गिऱ्हाइकास पाठविलेले पत्र अमेरिकेस जाऊन परत येई. भुसावळच्या मनुष्याने अमळनेरास जाण्याकरिता सुरतेस येऊन ताप्ती लाइनने परत फिरावे, तसा हा द्राविडी प्राणायाम. यात पाव सेकंदाहून अधिक वेळ जाई, आणि समुद्रापलीकडच्या दोन्ही फेऱ्यांचे भाडे डॉलरात भरावे लागे ते निराळेच. हे थांबविण्यासाठी २००३ च्या जूनमध्ये नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, अर्थात निक्सी, ही नफा न वाटणारी संस्था स्थापन झाली. पहिली केंद्रे दिल्लीजवळ नोएडास, मुंबईस, चेन्नईस व कोलकात्यास निघाली; गुजरातसाठी पुढे अहमदाबादेस निघाले.

निक्सीच्या आरंभीच्या नियमांत एक विशेष होता. केंद्रावर येणाऱ्या सेवादाराने निदान त्या विभागातील आपले पत्ता-समूह तेथे जाहीर केलेच पाहिजेत असे बंधन होते. सारे देशभरचे जाहीर करणे मात्र त्याच्या मर्जीवर. शिवाय ज्याच्याकडे माल अधिक येई त्याने फरकाबद्दल रक्कम द्यावी असा हिशेब होता. मोठ्या जाळ्यांनी त्यावरून आपापला फायदा पाहिला आणि किमान जे सांगावयाचे तेवढेच सांगितले. “प्रादेशिक” हा शब्द आपल्या व्यवहारात असा हळूच शिरला. २००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या केंद्रांचा उपयोग वाढावा म्हणून शिफारशी केल्या, त्या उगाच नव्हेत. पुढे मुंबईत डीई-सिक्स व एक्स्ट्रीम आयएक्स यांसारखी खासगी केंद्रेही उभी राहिली आणि चढाओढ लागली. ती चांगलीच गोष्ट झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सक्तीने जे साधले नाही ते बाजाराने बरेचसे साधले.

मात्र बाजारावर सर्वस्वी विसंबून राहावे असे म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. जगात अशी दहा-वीस अतिप्रचंड जाळी आहेत की ज्यांच्यावर कोणी आढत्या नाही. ती सर्व एकमेकांशी बरोबरीच्या नात्याने जोडलेली असतात म्हणूनच जग अखंड राहते. त्यांपैकी दोघांचे बिनसले तर मध्ये पडणारा कोणी नाही. २००५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील लेव्हल थ्री या कंपनीने कोजंट या कंपनीशी असलेली जोडणी तोडली. ज्यांची जोडणी या दोघांपैकी एकाशीच होती अशी गिऱ्हाइके काही दिवस परस्परांस दिसेनाशी झाली. २००८ मध्ये स्प्रिंट आणि कोजंट यांच्यात तेच घडले. नव्या पद्धतीच्या पत्त्यांबाबत हरिकेन इलेक्ट्रिक व कोजंट यांचे जमेना, तेव्हा २००९ साली हरिकेनच्या मंडळींनी एका परिषदेत “आमच्याशी पीअरिंग करा” अशी विनवणी लिहिलेला केक करून आणला. केक खाल्ला गेला. वर्षानुवर्षे जोडणी मात्र झाली नाही.

हे सारे परदेशचे, आपणास काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तर विदेश संचार निगमच २००२ मध्ये टाटांकडे गेले, टेलिग्लोब ही परदेशी कंपनी विकत घेऊन त्यांनी आपले जाळे जगभर पसरविले, आणि २००८ मध्ये ते टाटा कम्युनिकेशन्स या नावाने चालू लागले. आज आपल्या देशातील अनेक सेवादारांचा वरचा आढत्या तोच आहे. २०२४ च्या मे महिन्यात कोजंटने या टाटांच्या जाळ्याशी असलेली जोडणी संपविली. आशियात टाटांनी पुरेशी जोडणी द्यावी ही कोजंटची मागणी होती आणि ती पुरी झाली नाही, असे कोजंटचे म्हणणे. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरविणे आपले काम नव्हे. एवढे खरे की ज्या पेढीची जोडणी एकाच जाळ्यावर होती तिचे काही दरवाजे तिने काही न करता बंद झाले, आणि ज्या पेढीकडे दुसरी वाट होती तिला या भांडणाची वार्ताही लागली नसेल.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती. हुंडी सोबत काही वेळा जिकरी चिठ्ठी देत असत. मुख्य पेढीने हुंडी नाकारलीच, तर त्याच गावातील दुसऱ्या भल्या पेढीने ती पत्करावी असे त्या चिठ्ठीत लिहिलेले असे. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ. एका वाटेवर सर्वस्व ठेवणारा व्यापारी शहाणा समजला जात नसे. मग तारेच्या बाबतीतच आपण इतके भाबडे का व्हावे?

आणखी एक कारण आहे, ज्यात लोभही नाही आणि भांडणही नाही, केवळ कागदपत्रांची हयगय आहे. आपल्या सभासद बंधूंच्या बाबतीत बहुतांशी तेच घडले होते. जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले आहेत. २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक कोठार रिकामे झाले, एप्रिलात आशियाचे कोठार शेवटच्या गंजीवर आले. त्यानंतर नव्या सेवादारास १०२४ पत्तेच मिळत. २०१९ पासून ५१२ च. आपल्या देशात हे वाटपाचे काम २०१२ पासून निक्सीचीच आयरिन ही शाखा पाहते. एवढ्या पत्त्यांत धंदा चालत नाही म्हणून सेवादार जुने समूह दुसऱ्यांकडून विकत वा भाड्याने घेतात. असा समूह हाती आला की त्याचा नवा मालक कोण, तो कोणत्या जाळ्यातून जाहीर होणार, याची नोंद व डिजिटल दाखला करावा लागतो. मोठे आढते हे दाखले पाहूनच वार्ता पुढे नेतात. नोंद जुन्या मालकाच्या नावे असेल तर वार्ता गाळून टाकतात. देवाणघेवाण केंद्रावरील एखादा शेजारी तितकी छाननी करीत नाही. मग समूह शेजाऱ्यांस दिसतो आणि जगास दिसत नाही. सातबाऱ्यावर फेरफार न नोंदविता घरात राहावयास गेल्यासारखेच हे. शेजारी ओळखतात, टपालवाला ओळखत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पीअरिंग स्वस्त आहे, वेगवान आहे, आणि सुरतेहून मुंबईस जाऊन येण्यास उजेडाला तारेतून जेमतेम तीन सहस्रांश सेकंद पुरतात; ते सोडून अमेरिकेची वारी करावी असे कोणीही म्हणणार नाही. लहान सेवादार जास्तीत जास्त माल केंद्रावरून आणतो आणि आढत्यास कमीत कमी पैसे देतो, यातही दोष नाही. तो व्यापारीच आहे, खर्च वाचविणे हे त्याचे काम. चित्रपट पाहणाऱ्या घरास एवढे पुरते. दोष येथून सुरू होतो की निम्म्या पेठेत वटणारी हुंडी तो पुऱ्या पेठेची म्हणून विकतो. बिलावर “इंटरनेट” असा एकच शब्द असतो. त्यात जगापैकी किती जग आले याचा उल्लेख कोठेच नसतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान सांगितला आहे: देताना माप कमी, घेताना माप अधिक. कापडाच्या गजात जो बोटभर चोरी करतो त्यास आपल्या समाजात प्रतिष्ठा उरत नाही. तारेच्या गजात कोणी दिशाच कमी करून दिली तर तीही मापातली लबाडीच नव्हे काय? अजाणता केली असेल तर अजाणता. माप तपासणे तरी त्याचे कर्तव्य होते.

यावर सेवादार म्हणतात की व्यापाऱ्यास हे कळत नाही आणि कळून घेण्याची त्याची इच्छाही नाही. तो फक्त भाव विचारतो. या बोलण्यात तथ्य आहे, हे कबूल करावे लागेल. आपल्यापैकी किती जणांनी करार करताना “तुमच्या वर कोण आहे?” असा प्रश्न विचारला असेल? सूत घेताना गिरणी विचारतो, हिरा घेताना खाण विचारतो, आणि तारेच्या बाबतीत महिन्याचे भाडे दोनशे रुपयांनी कमी झाले की सही करतो.

विचारणे अवघड नाही. वर किमान दोन आढते आहेत काय आणि ते खरोखर दोन आहेत काय, की दोघेही पुढे जाऊन एकाच तारेवर बसतात, हे विचारावे. आपणास दिलेला पत्ता कोणत्या समूहातील, त्याची नोंद कोणाच्या नावे, त्याचा दाखला झाला आहे काय, हे विचारावे. उत्तर मिळाले की ते तसेच मानू नये, तपासावे. युरोपच्या रिपे संस्थेचे रिपेस्टॅट आणि ओरेगॉन विद्यापीठाचे राउट व्ह्यूज ही दोन्ही साधने सर्वांस मोफत खुली आहेत. पत्ता घातला की जगातील किती ठिकाणांहून तो दिसतो हे समजते. घरातील कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम पाच मिनिटांत करील, आणि वडिलांस समजावूनही सांगेल. ज्यांचा माल परदेशी जातो त्यांनी तर तिमाहीस एकदा हे पाहावे. अँटवर्पचे वा दुबईचे गिऱ्हाईक तक्रार करीत बसत नाही. त्यास एक दुकान दिसले नाही तर ते दुसऱ्या दुकानात जाते, आणि आपणास ते गेल्याचे कळतही नाही.

परंतु एकेकट्याने विचारून फारसे साधणार नाही. एका गाळ्याच्या महिना हजार-पंधराशेसाठी कोणता सेवादार आपली रचना बदलील? येथे मंडळाचे काम सुरू होते. एका मार्केटच्या इमारतीत शेकडो गाळे असतात. त्या सर्वांनी मिळून एक करार केला, त्यात “दिलेला पत्ता बाहेरच्या जगातून दिसतो याची खात्री झाल्यावरच भाडे सुरू होईल” असे एक कलम घातले, तर सेवादार ते नाकारणार नाही. याच्याही पुढे जाता येईल. मार्केटच्या नावे आयरिनकडून स्वतःचा पत्ता-समूह व स्वतःचा जाळे-क्रमांक घेता येतो. मग पत्ते आपले, सेवादार केवळ वाहतूकदार. एक सोडून दुसरा धरला तरी पत्ता बदलत नाही, आणि दोन सेवादार एकाच वेळी ठेवता येतात. प्रत्येक दुकानाने हे करावे असे नव्हे. तो खर्च व ती यातायात लहान पेढीस परवडणार नाही. मार्केट म्हणून, इमारत म्हणून, हे सहज झेपेल. नव्या पद्धतीचे पत्ते तर विपुल आहेत, ते याच वेळी मागून घ्यावेत.

सुरतेसारख्या शहराचा माल सुरतेतच एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जावा, त्यासाठी मुंबईची वा अहमदाबादेची वाट धरावी लागू नये, हीही मागणी मंडळाने सतत लावून धरली पाहिजे. केंद्र केवळ नावाचे असून चालत नाही. त्यावर मोठी जाळी आली पाहिजेत आणि त्यांनी आपले समूह तेथे मोकळेपणाने जाहीर केले पाहिजेत. हे काम व्यापारी संघटनांनी सेवादारांकडे व शासनाकडे एका आवाजात मागितल्याखेरीज होणार नाही.

येत्या वार्षिक सभेपुढे करारातील त्या एका कलमाचा मसुदा व सभासदांच्या जोडण्यांची तपासणी करण्यासाठी तीन जणांची समिती, असा ठराव ठेवण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे. समितीवर दोन तरुण असावेत आणि एक तरी असा असावा की ज्यास जुन्या हुंडीचा व्यवहार तोंडपाठ आहे. ज्या सभासदांच्या परदेशी गिऱ्हाइकांनी गेल्या वर्षात “तुमचे दिसत नाही” अशी तक्रार एकदा जरी केली असेल, त्यांनी ती तारीख, वेळ आणि त्या वेळचा आपला पत्ता एवढे तरी कागदावर टिपून सभेस सोबत आणावे.